पाण्याखालचा हिशेबनीस

नागपूरहून हैदराबादेकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, हिंगणघाट तालुक्यात वसलेले आमचे वडनेर समुद्रापासून इतके दूर आहे की, येथील कित्येक वृद्ध माणसांची हयात समुद्राचे दर्शन न घडताच सरली. तथापि पाण्याच्या पोटात शिरणाऱ्या माणसाच्या देहावर काय गुदरते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे मात्र कोणी समजू नये. मोटारीच्या पाइपाचा फुटव्हॉल गाळात रुतला, किंवा त्याच्या जाळीत पालापाचोळा अडकला, म्हणजे कमरेला दोर बांधून विहिरीत उतरणारा एखादा तरी गडी प्रत्येक वस्तीत असे. दीड-दोन परस पाणी डोक्यावर आले की कानांत दाभण टोचल्यासारखी कळ येते, ती नाक दाबून आणि आवंढा गिळून परतवायची असते, आणि छातीतला दम निम्मा उरला असतानाच वर निघावयाचे असते, हे सारे शिक्षण त्याला पुस्तकावाचून मिळालेले असे. माझ्या बालपणी आमच्या मळ्यातील विहिरीवर असा एक गडी वर येऊन थारोळ्याच्या दगडावर बसला की आम्ही मुले त्याच्या लाल झालेल्या डोळ्यांकडे आदराने पाहत राहत असू. पाण्याच्या दाबाशी माझा परिचय झाला तो तिथे. आणि पुढे माझा भाचा मालवणला जाऊन स्कूबा डायव्हिंगच्या व्यवसायात पडला तेव्हा, कोणता डायव्ह कॉम्प्युटर घ्यावा असे त्याने मला विचारले, त्या प्रश्नाचा विचारही मी त्या विहिरीपासूनच आरंभिला.

विहिरीतला गडी आणि पाठीवर टाकी बांधलेला पाणबुड्या यांच्यात एक मूलभूत भेद आहे, आणि तो ध्यानात आल्यावाचून पुढील विवेचनाचा उलगडा होणार नाही. विहिरीत उतरणारा मनुष्य वरच्या हवेचा एकच घोट छातीत भरून नेतो. तो घोट खाली आकसतो आणि वर येताना पुन्हा पूर्ववत फुगतो. टाकीतून श्वास घेणारा मनुष्य मात्र ज्या खोलीवर असेल त्या खोलीवरच्या दाबाची हवा श्वासागणिक नव्याने घेत असतो. समुद्राच्या पाण्यात दर १० मीटरांना एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १८ मीटरांवर त्याच्या फुप्फुसांत शिरणारी हवा पृष्ठभागावरच्या हवेहून जवळजवळ तिप्पट दाट असते. त्या हवेतील प्राणवायू शरीर खर्च करते, परंतु चार पंचमांश भाग व्यापणारा जो नत्रवायू, त्याचा देहाला काहीही उपयोग नसल्यामुळे तो रक्तात आणि रक्तातून मांसात, मेदात, सांध्यांत विरघळून साठत राहतो. मनुष्य सावकाश वर आला तर हा साठा आल्या वाटेने निमूटपणे निघून जातो. तो झपाट्याने वर आला तर गोटी सोड्याची गोळी दाबताक्षणी बाटलीत जे घडते तेच त्याच्या शरीरात घडते. बुडबुडे होतात, आणि ते जेथे अडकतील तेथे वेदना, बधिरता, प्रसंगी पक्षाघात किंवा मृत्यू यांना आमंत्रण मिळते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या पायासाठी नदीच्या तळाशी दाबाखालच्या हवेने भरलेल्या प्रचंड पेट्यांत मजूर खणत असत, तेव्हा या व्याधीने अनेकांना ग्रासले, काहींचे बळी घेतले, आणि १८७२ साली त्या कामाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हाही तिने कायमचा जायबंदी झाला.

या व्याधीचे कारण नत्रवायूचे बुडबुडे होत, हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ च्या आपल्या ग्रंथात सिद्ध केले. परंतु वर यावे कसे याचा हिशेब मांडून देण्याचे श्रेय जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाकडे जाते. ब्रिटिश आरमाराच्या विनंतीवरून त्याने बकऱ्यांवर प्रयोग केले, आणि बॉयकॉट व डॅमंट या सहकाऱ्यांसह १९०८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याची मुख्य कल्पना आमच्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगण्यास फारसे प्रयास पडत नाहीत. मुरमाड जमीन पावसाचे पाणी झटकन पिते आणि झटकन निथळूनही जाते. काळी कसदार जमीन पाणी हळूहळू मुरवते, पण एकदा मुरलेले पाणी पंधरवडा सोडीत नाही. देहातील सर्व ऊतींचा स्वभाव असाच एकसारखा नसतो, असे हॉल्डेनने मानले, आणि गणितापुरते शरीराचे पाच कप्पे कल्पून त्यांना ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटांचे अर्धकाल दिले. ज्याचा अर्धकाल ५ मिनिटे, तो कप्पा पहिल्या पाच मिनिटांत निम्मा भरतो, दहा मिनिटांत पाऊण भरतो, आणि विसाव्या मिनिटाला जवळजवळ काठोकाठ होतो. ७५ मिनिटांचा कप्पा मात्र त्याच विसाव्या मिनिटाला जेमतेम सहावा हिस्सा भरलेला असतो. वर येताना मुरमाची चिंता आधी, आणि दिवसातून तीन-तीन बुड्या मारणाऱ्याला काळ्या मातीची चिंता अधिक, हे या गणिताचे सार होय.

या गणितावरून कोष्टके तयार झाली. १९४३ साली कूस्तो आणि गान्यां या फ्रेंच गृहस्थांनी पाठीवर वाहून नेता येईल असे श्वसनयंत्र सिद्ध केल्यानंतर हौशी पाणबुड्यांची जी पिढी उदयास आली तिचे सारे संरक्षण या छापील कोष्टकांवर अवलंबून असे. अमेरिकी नौदलाच्या १९५० नंतरच्या प्रसिद्ध कोष्टकाप्रमाणे १८ मीटरांवर ६० मिनिटे आणि ३० मीटरांवर २५ मिनिटे राहून मध्ये न थांबता वर येण्यास मुभा होती. परंतु कोष्टकाचा एक दोष असा की, जास्तीत जास्त जी खोली गाठली तीवरच सर्व वेळ घालवला, असे ते गृहीत धरते. आणि खरा पाणबुड्या कधी खडकाच्या माथ्यावर, कधी त्याच्या पायथ्याशी असा सतत हिंडत असतो. दाबमापक, घड्याळ आणि छोटेसे गणनयंत्र एका डबीत बसवून दर काही सेकंदांनी नवा हिशेब मांडणारी यंत्रे, म्हणजेच डायव्ह कॉम्प्युटर, १९८३ च्या सुमारास बाजारात आली. त्याच काळात झ्यूरिकचे प्राध्यापक ब्यूहलमान यांनी हॉल्डेनच्या पाच कप्प्यांचे सोळा कप्पे केले आणि सर्वांत मंद कप्प्याचा अर्धकाल ६३५ मिनिटांपर्यंत नेला; त्यांचे सूत्र आजही असंख्य यंत्रांच्या पोटात चालते आहे.

येथे मी वाचकाला क्षणभर थांबण्याची विनंती करतो, कारण या प्रकरणात मला जे सांगावयाचे आहे त्याची मेख येथे आहे. मनगटावरचा हा कॉम्प्युटर तुमच्या रक्तातील नत्रवायू मोजीत नाही. त्याची सुई तुमच्या नसेत शिरलेली नसते, तुम्ही मेदस्वी आहात की कृश, रात्री झोप झाली आहे की नाही, घामाने देहातील पाणी आटले आहे काय, यांपैकी कशाचाही त्याला पत्ता नसतो. त्याला दोनच गोष्टी खात्रीने कळतात : बाहेरच्या पाण्याचा दाब आणि लोटलेला काळ. त्या दोन आकड्यांवरून, त्याच्या कर्त्याने आत लिहून ठेवलेल्या सूत्राच्या आधारे, एका कल्पित देहाचा जमाखर्च तो मांडतो, आणि तुमचा देह त्या कल्पित देहासारखाच वागेल अशा भरवशावर तुम्हाला वर येण्याचा हुकूम देतो. तापमापक बिघडला तर हाताच्या स्पर्शाने ताप कळतो, तराजू खोटा असेल तर दुसऱ्या तराजूवर रुजवात घेता येते. या हिशेबनिसाची वही मात्र तुम्हाला उघडून पाहता येत नाही, आणि त्याची चूक कळते ती सांधे दुखू लागल्यावर. म्हणून या यंत्राची खरेदी ही वस्तुतः यंत्र करणाऱ्या माणसांवर टाकलेला विश्वास आहे, आणि ती माणसे आपल्या चुकीच्या वेळी कशी वागतात, हा यंत्राच्या गुणाचाच एक भाग आहे. विक्रीनंतरच्या सेवेला मिठाईवरच्या वर्खाइतकेच महत्त्व देण्याची जी रीत पडली आहे ती मला म्हणूनच घातक वाटते.

आता प्रथम, हे यंत्र कोणाला हवे? मालवण-तारकर्लीला जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रशिक्षकाचा हात धरून थोडक्या पाण्यात अर्धा तास मासे पाहणाऱ्या प्रवाशाला ते मुळीच नको. तिथली खोली बहुधा दहा मीटरांच्या आतबाहेर, वेळ अल्प, आणि सारी जबाबदारी सोबत्याची. अशा प्रवाशाने ते पैसे मुलांच्या शिक्षणासाठी ठेवावेत. परंतु ज्याने रीतसर शिक्षण घेतले आहे, जो दिवसातून अनेकदा उतरतो, जो नेत्राणी, लक्षद्वीप किंवा अंदमान येथे जाऊ इच्छितो, त्याला स्वतःच्या मनगटावर स्वतःचा कॉम्प्युटर हवाच. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा जलमग्न प्रवाळप्रदेश आहे. त्याचा माथाच वीस मीटरांच्या आसपास खोल आहे, आणि तेथून किनारा गाठावयास कित्येक तास लागतात. अशा ठिकाणी दोघांत एक यंत्र वापरणे म्हणजे दोन आजाऱ्यांनी एकाच्या नाडीवर औषध घेण्यासारखे आहे. तसेच सकाळी एकाचे व दुपारी दुसऱ्याचे यंत्र बांधणेही वर्ज्य होय, कारण दुपारच्या यंत्राच्या वहीत सकाळची उधारी मांडलेली नसते.

निवडीच्या इतर बाबींपैकी काहींचा परामर्श थोडक्यात घेतला तरी चालेल. आकडे मोठे आणि ठसठशीत असावेत. पावसाळ्यानंतर कोकणातले पाणी पुष्कळदा गढूळ असते, आणि चाळिशी लागलेल्या डोळ्यांना बारीक अक्षर पाण्याखालीही दिसत नाही. रंगीत पडदा सुखद असतो, पण तो बॅटरी खातो. प्राणवायूचे प्रमाण वाढवलेली हवा, जिला नायट्रॉक्स म्हणतात, तिचा हिशेब आता बहुतेक यंत्रे करतात. शेकडा ३२ प्राणवायूच्या मिश्रणाने साधारण ३३ मीटरांखाली जाऊ नये, हे यंत्राने ओरडून सांगितले पाहिजे. गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा भेद सांगण्याची सोय असावी, कारण गोड्या पाण्यात तोच दाब गाठण्यास १० ऐवजी १०.३ मीटर लागतात. आमच्या विदर्भातल्या एखाद्या जलाशयात उतरणाऱ्याला ही बाब किरकोळ असली तरी ठाऊक असावी.

सूत्र कोणते, याचा विचार मात्र अधिक सावकाश करावा. काही कंपन्या ब्यूहलमानचे सूत्र उघडपणे वापरतात आणि त्याला किती प्रमाणात आवरावयाचे हे वापरणाऱ्याच्या हाती ठेवतात. बाहेरचा दाब आणि ब्यूहलमान यांनी ठरवलेली कमाल मर्यादा यांमधल्या अंतरापैकी पृष्ठभागी येताना शेकडा ७० चालेल की ८५, हे तुम्ही आधी मुकरर करता. काही कंपन्या आपले सूत्र स्वतःच्या तिजोरीत ठेवतात आणि ‘सौम्य’, ‘सावध’, ‘अतिसावध’ अशा पायऱ्या तेवढ्या देतात. दुसऱ्या प्रकारची यंत्रे वाईट असतात असे मी म्हणणार नाही. परंतु दोन मित्र दोन जातींची यंत्रे बांधून शेजारीशेजारी पोहत असता एकाचे यंत्र वर चला म्हणते आणि दुसऱ्याचे आणखी दहा मिनिटे देते, तेव्हा त्या तफावतीचे कारण ज्याला समजून घेता येते त्याची स्थिती निश्चितच बरी. माझा कौल उघड्या सूत्राला आहे. मात्र नवशिक्याने ते आकडे धाडसाच्या दिशेने वळवू नयेत. आणि अशा दोघांनी वर येण्याचा निर्णय अधिक सावध यंत्राच्या सांगण्याप्रमाणे घ्यावा.

घाटाविषयी एक गोष्ट सांगतो, कारण ती सहसा ध्यानात येत नाही. बुडी मारल्यानंतर विमानात बसू नये हे पुष्कळांना ठाऊक असते. एका साध्या बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास थांबावे, असा संकेत आहे, आणि बहुतेक यंत्रे हा काळ विमानाचे चिन्ह दाखवून उलटा मोजतात. परंतु तो संकेत ६०० मीटरांपासून पुढच्या उंचीला लागू पडतो, आणि मालवणहून संध्याकाळी गाडी सोडून आंबोलीमार्गे कोल्हापूरकडे निघालेला मनुष्य दोन-अडीच तासांत सुमारे ६९० मीटरांवर पोचलेला असतो. त्याने विमान पाहिलेले नसते, तरी त्याच्या काळ्या मातीतले पाणी अद्याप निथळावयाचे असते. आमच्या बाजूचे लोक दोन दिवसांच्या रजेत सर्व उरकून परतीची घाई करतात. वडनेर स्वतः तीनशे मीटरांच्या आत आहे, पण तेथवर येणारी वाट सह्याद्रीवरून येते. शेवटची रात्र किनाऱ्यावरच काढावी, आणि यंत्रावरचे चिन्ह मावळल्यावर घाट चढावा.

आता भाच्याच्या पहिल्या यंत्राची हकीकत. ते त्याने एका परदेशी दुकानातून, भावात सूट मिळाली म्हणून, टपालाने मागवले होते. दिसावयास देखणे, मनगटी घड्याळासारखे, आणि एक हंगाम त्याने चोख कामही दिले. दुसऱ्या हंगामात, जानेवारीतल्या एका दुपारी, तो दुसरी बुडी आटोपून नावेवर आला, यंत्र काढून उन्हात फळीवर ठेवले, आणि पाहतो तो त्यावर २.४ मीटर हा आकडा तसाच आणि बुडीची मिनिटे पुढे सरकताहेत. त्याने मला रात्री फोन केला तेव्हा त्याचा आवाज थरथरत होता. “मामाजी, कोरड्या फयीवर ठेवलं हाय, तरी हे म्हन्ते का मी अडीच मीटर पान्यातच हाओ.” वर आल्यावर चूक दिसली हे सुदैव, पण खाली असताना ती कोणत्या दिशेने होती, आणि किती बुड्यांपासून होती, हे कसे कळणार? त्याने दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरण्याचे टाळले, आणि ते शहाणपणाचे केले. यंत्राचा भरवसा उडाला म्हणजे २४ तास पाण्याबाहेर राहावे, हा रिवाज आहे.

आम्ही कंपनीला लिहिले. सात दिवसांनी उत्तर आले, ते असे की, दाबमापकाच्या छिद्रांत मीठ साचले असण्याचा संभव आहे, तरी यंत्र कोमट पाण्यात भिजत ठेवावे. सूचना चुकीची नव्हती. मीठ खरोखरच साचते. आम्ही रात्रभर भिजवले, आकडा २.४ चा २.१ झाला. पुन्हा लिहिले, तेव्हा अधिकृत विक्रेत्याची पावती मागण्यात आली, आणि पावती परदेशी दुकानाची आहे असे दिसताच भारतातील प्रतिनिधीने हात वर केले व यंत्र परदेशी पाठवण्यास फर्मावले. पाठवण्याचा खर्च आमचा, जकातीची कागदपत्रे आमच्या शिरावर, आणि यंत्र परत आले ते मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे पावसाळ्यासाठी मालवणच्या नावा किनाऱ्यावर ओढल्या जात होत्या तेव्हा. त्या पत्रव्यवहारात दिरंगाई झाली याचे मला तितकेसे दुःख नाही. त्या सर्व पत्रांत कोणीही एकदासुद्धा, ज्या पाणबुड्याच्या हाती हे यंत्र होते त्याची प्रकृती कशी आहे, असे विचारले नाही, आणि याच जातीच्या इतर यंत्रांत असा दोष आढळला आहे काय या माझ्या सरळ प्रश्नाला उत्तर दिले नाही. ते माझ्या मनाला लागून राहिले आहे.

तो प्रश्न अनाठायी नव्हता, याचा दाखला या धंद्याच्या इतिहासात आहे. युवाटेक या कंपनीचे अलादिन एअर एक्स नायट्रॉक्स हे यंत्र १९९० नंतरच्या दशकात नावाजलेले होते. त्याच्या आरंभीच्या काही नगांच्या आज्ञावलीत एक दोष राहून गेला : दोन बुड्यांमध्ये पाणबुड्या नावेवर साधी हवा घेत बसलेला असता, तो तेथेही प्राणवायूने समृद्ध हवाच घेत आहे असे यंत्र गृहीत धरी. परिणामी नत्रवायू प्रत्यक्षात निघतो त्याहून वेगाने निघून गेला असे ते मानी, आणि पुढच्या बुडीला नसलेली सवलत देई. पहिल्या बुडीत काहीच चूक नाही, दुसरीत थोडी, तिसरीत अधिक. म्हणजे जो जितका भरवसा ठेवून वारंवार उतरेल त्याला तितका धोका मोठा. ही यंत्रे परत मागवण्याची जाहीर नोटीस अमेरिकेच्या ग्राहक-वस्तू सुरक्षा आयोगामार्फत निघाली ती २००३ साली, आणि सदोष नग तर १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास विकले गेलेले होते. मधली ती वर्षे ते यंत्र बांधून जे लोक समुद्रात उतरत होते, त्यांच्या मनगटावरच्या हिशेबनिसाच्या वहीत खोटी जमा होती, आणि त्यांना कोणी तसे कळवले नव्हते. कारखान्यातून एकही चूक बाहेर जाणार नाही, अशी अपेक्षा मी करीत नाही. मनुष्याच्या हातचे काम आहे. चूक उमगली की नगांचे अनुक्रमांक छापून ती चव्हाट्यावर मांडणारी कंपनी आणि ती दप्तरात दडवणारी कंपनी यांत मात्र मी जमीनअस्मानाचे अंतर मानतो. म्हणून एखाद्या कंपनीने पूर्वी यंत्रे परत मागवली होती असे कळले, तर तेवढ्यावरून तिला नाकारू नका. दोष कळल्यापासून किती काळात मागवली, खर्च कोणाच्या माथी मारला, आणि मुदत संपलेल्या ग्राहकालाही बदलून दिले काय, याची चौकशी करा.

दुसरे यंत्र घेताना आम्ही आमच्या गावची रीत अवलंबिली. वडनेरचा शेतकरी मोटारपंप घेतो तेव्हा त्याच्या रंगाकडे पाहत नाही. तो हिंगणघाटच्या बाजारात जाऊन आधी विचारतो की, या मोटारीचे सील आणि बेअरिंग कोणत्या दुकानात मिळते, रिवाइंडिंग कोण करतो, आणि चैत्रात, विहिरीला पाणी थोडे नि संत्र्याला तहान फार अशा दिवसांत, मिस्त्री बोलावल्यावर किती दिवसांनी येतो. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून तो कनवटीचा पैसा सोडीत नाही. तद्वत आम्ही तीन कंपन्यांना खरेदीपूर्वीच एकेक पत्र लिहिले. पत्रात स्तुती नव्हती, तक्रार नव्हती. प्रश्न एवढेच की, बॅटरीच्या झाकणाची ओ-रिंग भारतात सुटी मिळते काय, तिची किंमत किती, दाबमापक हमीत मोडतो काय, हे मॉडेल बंद झाल्यावर सुटे भाग किती वर्षे पुरवाल, आणि दुरुस्ती भारतात होते की यंत्र बाहेर जाते. एकीकडून रंगीत पत्रक आले व प्रश्नांना बगल दिली गेली. दुसरीकडून काहीच आले नाही. तिसरीकडून चौथ्या दिवशी जे उत्तर आले ते त्रोटक होते, पण त्यात प्रत्येक प्रश्नाला क्रमवार जबाब होता, आणि एके ठिकाणी लिहिणाऱ्याने स्पष्ट कबूल केले होते की, दाबमापकाची दुरुस्ती भारतात होत नाही, अशा प्रसंगी यंत्र बदलून देण्यात येते. ही कबुली मला कोणत्याही जाहिरातीहून मोलाची वाटली.

ओ-रिंगविषयी मी आग्रहाने विचारले याचे कारण, या यंत्रांचे मरण पुष्कळदा त्या करंगळीएवढ्या रबरी कड्यात असते. काही यंत्रांची बॅटरी घरी बदलता येते. क्रेसीच्या लिओनार्डोत सी. आर. २४३० जातीची चपटी सेल चालते, आणि शिअरवॉटरच्या पर्डिक्समध्ये तर साधी पेन्सिल सेल बसते, जी वडनेरच्या किराणा दुकानातही मिळावी. बटबटीत दिसो वा न दिसो, कारखान्यातच उघडता येणाऱ्या यंत्राहून असे यंत्र आमच्यासारख्या दूरच्या माणसाला शतपटीने सोयीचे. भाच्याने नव्या यंत्राची सेल माझ्यासमोर बदलली तेव्हा मी जवळ बसून पाहिले. त्याने झाकण नाण्याने फिरवून काढले, जुने कडे लाकडी काडीने उचलले, खोबणीतून मऊ कापड फिरवले, आणि नवे कडे सिलिकॉनच्या वंगणाने केवळ चमकेल इतके माखले. मग त्याने ते दिव्यासमोर धरले. त्यावर पापणीचा एक केस चिकटला होता. तो केस तसाच राहिला असता, तर तीस मीटरांवरच्या चार वातावरणांच्या दाबाला आत शिरण्यास तेवढी वाट पुरली असती.

कायद्याचीही थोडी माहिती असावी. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे ती अशी की, तक्रारदार जेथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला फिर्याद नेता येते. विक्रेत्याचे दुकान मुंबईत किंवा बंगळुरात असले तरी वडनेरच्या ग्राहकाला वर्धा सोडून जावे लागत नाही. व्यापारी उद्देशाने घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही, परंतु स्वयंरोजगाराने केवळ उदरनिर्वाह चालवण्यासाठी घेतलेली वस्तू या अपवादातून वगळलेली आहे, म्हणून स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या प्रशिक्षकालाही ग्राहक म्हणून दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मालाला आयोगाची फी नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. मात्र हे सर्व सार्थ होण्यास जबाबदार धरता येईल असा विक्रेता किंवा आयातदार या देशात असला पाहिजे. सातासमुद्रापलीकडच्या दुकानावर हुकूमनामा मिळाला तरी तो बजावणार कोण? परदेशातून मागवताना जी सवलत मिळते ती वस्तुतः या हक्काची किंमत असते. आम्ही ती एकदा मोजली आहे.

भाच्याचे नवे यंत्र आता तिसऱ्या हंगामात आहे. पहिल्या यंत्राच्या वेळी आमची सर्वांत अधिक अडचण झाली ती कागदांवाचून. तेव्हा ज्या वाचकांपाशी असे यंत्र असेल त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, त्यांनी आजच ते पालथे करून पाठीमागचा अनुक्रमांक खरेदीच्या पावतीवर उतरवावा, पावतीच्या दोन नकला काढाव्यात, आणि एक नक्कल घरी ठेवून दुसरी बुड्यांच्या नोंदवहीत चिकटवावी.